शून्य गुन्ह्यांची वाडी

काळजी करायची कामं आमच्या घरात वाटून घेतलेली आहेत. माझा धाकटा भाऊ आईची काळजी करतो, मी त्याच्या काळजीची काळजी करते, आणि आई कसलीच करत नाही, अशी निदान आमची समजूत होती. भाऊ जहाजावर चीफ इंजिनिअर आहे. समुद्री चाचे फिरतात अशा पाण्यातून, कठड्याला काटेरी तार गुंडाळलेलं जहाज घेऊन तो जातो, आणि तिथून फोन लागला की पहिला प्रश्न विचारतो, "ताई, आईच्या मागल्या दाराची कडी नीट लागते ना?"

आई राहते रत्नागिरीत, म्हणजे जिथे शहर संपतं आणि कातळ सुरू होतो तिथल्या एका वाडीत. बाबा पोफळीच्या वीजघरात नोकरीला होते, त्यामुळे आमचं बालपण आणि आईचं तरुणपण कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये गेलं. निवृत्त झाल्यावर बाबांनी इथे जांभ्या दगडाचं तीन खोल्यांचं घर बांधलं. "भिंतीत खिळा मारायला कोणाला अर्ज करावा लागला नाय," असं आई त्या घराबद्दल अजूनही सांगते. त्या आनंदात तिने पहिल्याच महिन्यात इतके खिळे मारले की निम्म्यांवर टांगायला आजतागायत काही मिळालेलं नाही.

बाबा जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून आई त्या घरात एकटी असते. वाडीत तिला सगळे 'पोफळीवाली' म्हणतात. इतकी वर्षं राहूनही ती त्यांच्या लेखी पोफळीहून परवाच आलेली आहे. मी शहरात मारुती मंदिराजवळ फ्लॅटमध्ये राहते, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते आणि दिवसाआड आईकडे चक्कर मारते. तू माझ्याकडेच का येत नाहीस, असं मी तिला विचारून पाहिलंय. तिचं म्हणणं, लेकीकडे चार दिवस जेवायला जावं, राहायला गेलं की पाचव्या दिवशी जावई टीव्हीचा रिमोट कुठे ठेवायचा ते शिकवायला लागतो. माझा नवरा टीव्ही बघत नाही. पण आईच्या सिद्धांतांना असल्या पुराव्यांनी फरक पडत नाही.

भावाचा सिद्धांत वेगळा होता. आईला त्याच्या पनवेलच्या घरी न्यायचं. चौदावा मजला, गेटवर वॉचमन, लिफ्टमध्ये कॅमेरा. त्या इमारतीत सगळं काही आहे, फक्त आईला ओळखणारं माणूस नाही, भावजय सोडली तर, आणि ती दिवसभर ऑफिसात. पण भावाच्या मनाने घेतलं होतं. रत्नागिरीत कुठे घरफोडी झाली की माझ्याआधी त्याला कळायचं. मी इथे दूध तापवत असायची आणि आफ्रिकेच्या कुठल्याशा बंदरातून बातमीचं कात्रण यायचं: भरदिवसा चोरी. खाली त्याचा एकच शब्द: बघ. शेवटी दिवाळीच्या आधी त्याने जाहीर केलं, या वेळचा करार संपला की तो घरी येणार, आणि परत जाताना आईला पनवेलला सोडून जाणार. घर बंद करायचं. किल्ली माझ्याकडे.

मी म्हटलं, बातम्यांवरून असले निर्णय घेत नाहीत, आकड्यांवरून घेतात. पोलिसांची आकडेवारी सगळ्यांना खुली असते. मी रीतसर अभ्यास करते, आणि वाडी सुरक्षित आहे हे तुला दाखवून देते.

निष्कर्ष आधी ठरवून मग माहिती गोळा करू नये, हे मी दर वर्षी पहिल्या तासाला शिकवते. शिकवायचं काम माझं, ते पाळायची जबाबदारी मुलांची, अशी विभागणी आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी कामाला लागले. पोलिसांच्या संकेतस्थळावर दाखल गुन्ह्यांचे अहवाल बघायला मिळतात. नाजूक प्रकरणं वगळलेली असतात, ते योग्यच आहे. एकेक अहवाल उघडायचा, वाचायचा, आणि तारीख, वेळ, गुन्ह्याचा प्रकार, ठिकाण असं आपल्या तक्त्यात भरायचं. पहिले तीन रकाने भराभर भरले. अडलं ते ठिकाणाच्या रकान्यापाशी. कोकणातला पत्ता हा पत्ता नसतोच, ती आठवण असते. 'वहाळाच्या पलीकडे', 'मोठ्या कलमाजवळ', 'जुन्या पोस्टाच्या मागे'. जुनं पोस्ट तिथून उठून किती वर्षं झाली ते पोस्टालाही आठवत नसेल. संगणकाला या गोष्टी सांगितल्या की तो बिचारा आपल्या परीने प्रयत्न करायचा. एक चोरीला गेलेली मोटारसायकल तर त्याने भाट्याच्या किनाऱ्यापासून चांगली आत, भर समुद्रात नेऊन उभी केली. मी तो नकाशा भावाला पाठवला आणि लिहिलं, ही तुझ्या हद्दीत आहे, जाता जाता बघ.

मग मी संगणकाचा नाद सोडला आणि आईला मदतीला घेतलं. मी लॅपटॉप घेऊन पडवीत बसायची, आई समोर कडवे वाल सोलत बसायची. मी ठिकाण वाचायचं, तिने मान वर न करता सांगायचं, "तो वहाळ नाय गो, ह्या बाजूचा. तिकडं पूर्वी गिरण होती, तिच्या मागं." मी तिथे ठिपका ठेवायची. नकाशात माझ्या आईइतकी अचूकता कुठल्याही उपग्रहाला जमलेली नाही. फक्त उपग्रह मध्ये मध्ये शेरे मारत नाही. आई मारायची. "ही चोरी कसली, दोघा भावांचा हिश्शाचा वाद तो. धाकट्यानं पंप नेलान, मोठा धावला पोलिसांत." मी म्हणायची, आई, आपण फक्त नोंदवलेलं धरायचं. "बरं, धर," असं म्हणून ती पुढची शेंग घ्यायची.

आपल्या वाडीची पाळी आली तेव्हा मी सगळे अहवाल दोनदा चाळले. एकही नव्हता. मी आईला विचारलं, इथलं काही माझ्या नजरेतून सुटलं तर नाही ना?

"आपल्याकडं काय हाय?" ती म्हणाली. "पुढलं बघ."

हळूहळू शहराचा चेहरा नकाशावर उमटायला लागला. हातखंब्याच्या नाक्यावर ठिपक्यांची गर्दी झाली. ते सगळे अपघात होते, महामार्ग आणि शहराचा रस्ता जिथे भेटतात तिथे होणारच. अपघात आणि चोऱ्या एकाच पिशवीत घालायच्या नाहीत म्हणून मी ते वेगळे काढले. बाजारपेठ आणि स्टँडच्या भागात मोबाइल आणि मोटारसायकली. तिथेही गर्दीच्या मानाने बघायला हवं होतं. जिथे हजारो माणसं रोज येतात-जातात तिथले दहा ठिपके आणि जिथे चाळीस घरं आहेत तिथले दहा ठिपके यांना सारखं मोजणं हा अन्याय आहे. मी लोकवस्ती धरली, प्रकार वेगळे केले, जिवाला धोका असलेल्या गुन्ह्यांना जास्त वजन दिलं, मालमत्तेच्या गुन्ह्यांना कमी. मग रंग भरले. एवढं सगळं करूनही लालसर रंग पडला तो बरोबर आमच्या फ्लॅटच्या भोवती, आणि हिरवागार राहिला तो आईचा कोपरा.

आईने नकाशा चष्मा लावून बघितला. "म्हणजे तुज्याकडं जास्त भानगडी."

"तसं म्हणता येईल."

"मग तूच ये हितं राहायला. जावयाचा रिमोट पण आण."

भावाला मी नकाशा पाठवला, सोबत चार पानांचं टिपण. हिरव्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत शून्य लिहिलं होतं. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं. इंजिनिअर माणूस, आकड्यापुढे मान तुकवतो. त्याने लिहिलं, "पटलं. राहू दे तिला तिथे. दर तीन महिन्यांनी नवा नकाशा पाठव." मी तो संदेश आईला मोठ्याने वाचून दाखवला. आई वाल सोलता सोलता थांबली, हात पदराला पुसले आणि आत जाऊन माझ्यासाठी खास घावणे काढले. मी सहा खाल्ले. आपल्या विद्येचा घरच्यांना कधीतरी उपयोग होतो, याचं मला इतकं समाधान झालं होतं की पोटाचा अंदाज राहिला नाही.

तिथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण यश आलं की माणसाला लॅमिनेशन करावंसं वाटतं. मी नकाशाची मोठी रंगीत प्रत काढली, तिला प्लॅस्टिक चढवलं आणि एका रविवारी सकाळी वाडीच्या देवळात घेऊन गेले. सभामंडपात टांगावी, वाडीला अभिमान वाटेल, असा माझा बेत होता. देवळात गुरवकाका एकटेच होते, कालची फुलं काढत होते. सत्तरीचे आहेत, आणि मला अजून 'मास्तरीणबाय' म्हणतात. त्यांनी हात धुऊन नकाशा घेतला. आधी देऊळ शोधलं. ते सापडल्यावर त्यांचा नकाशावर विश्वास बसला. मग त्यांनी विचारलं, "आणि ह्यो पूज्य कसला?"

मी समजावून सांगितलं. वाडीत एकही गुन्हा नाही. चोरी नाही, मारामारी नाही, काही नाही. रत्नागिरीतली सगळ्यांत सुरक्षित जागा.

गुरवकाका गालातल्या गालात हसले आणि म्हणाले, "शून्य? मंग मी हितं इतकी वर्सं नारळ कशाला फोडतंय?"

वाडीची पद्धत अशी आहे. कोणाचं काही गेलं तर तो माणूस नारळ घेऊन देवळात येतो. गुरव चार माणसांसमोर देवीपुढे नारळ ठेवतात आणि गाऱ्हाणं घालतात: आई, अमक्याच्या घरातनं तमुक वस्तू गेली, ज्याने नेली असेल त्याला बुद्धी दे, नेली तशी परत आणून दे. प्रत्येक वाक्याला बाकीचे म्हणतात, "होय महाराजा." संध्याकाळपर्यंत गाऱ्हाण्याची बातमी प्रत्येक घरात पोचलेली असते. ज्याने वस्तू नेली त्याच्याही घरात पोचते, तो बहुधा त्या 'होय महाराजा' म्हणणाऱ्यांतच असतो. देवीचा कोप नको म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी वस्तू देवळाच्या कट्ट्यावर आपोआप येते. कोणी आणली हे कोणी विचारत नाही. वस्तू घरी जाते, खोबरं वाटलं जातं, प्रकरण मिटतं.

हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. लहानपणी आजोळी मी स्वतः 'होय महाराजा' म्हटलेलं आहे. पण मी ती देवाधर्माची गोष्ट समजत होते. तोही तक्त्यातला एक रकाना आहे, हे माझ्या सुशिक्षित डोक्यात एकदाही आलं नाही. इकडे पोलिसांकडे जातो तो परका माणूस, किंवा ज्याला भावाला कोर्टात खेचायचंय तो. बाकी सगळ्यांचा जबाब देवी घेते.

माझ्यातली संशोधक एकदम जागी झाली. मी वही काढली आणि गुरवकाकांना म्हटलं, सांगा, आठवेल तेवढं सांगा. ते म्हणाले, देवीच्या पायाशी टाकलेल्या गोष्टीतली माणसं वर काढायची नसतात, वस्तू तेवढ्या सांगतो. मग त्यांनी वस्तू सांगितल्या. वर्षांचा हिशेब ते पालखीवरून करत होते: पालखी माडाच्या वाटेने नेली त्या वर्षी रहाटाचा दोर, त्याच्या पुढल्या शिमग्यात तांब्याचा हंडा, दोन कोंबड्या, एक सिलिंडर, आंब्याचे क्रेट. मी लिहून घेत होते. वस्तू, अंदाजे वर्ष, परत आली की नाही. बहुतेकांपुढे 'आली' लिहिलं जात होतं आणि मला मोठं कौतुक वाटत होतं.

"आणि आता ह्या श्रावणातला," ते म्हणाले, "तो तेवढा नाय आला परत. तुमच्या आईचा मिक्सर."

मी लिहिता लिहिता थांबले.

"भायेरचा माणूस व्हता तो," गुरवकाका म्हणाले. "कातळावर ते नवीन प्लॉट पडलेत, तिथं कोण कोण येतात जातात. भायेरच्याला आपली देवी ठाऊक नाय. ठाऊकच नाय तो भियाल कशाला?" मग माझा चेहरा बघून ते चपापले. "तुमाला ठाऊक नव्हता? हात दुखावलान त्यांचा, तुमीच तर डाक्टरकडं नेलात ना?"

नेलं होतं. श्रावणात आईचं मनगट सुजलं होतं. न्हाणीत घसरले, असं ती म्हणाली. मी तिला घेऊन गेले, एक्स-रे काढला, हाड शाबूत होतं, पट्टा बांधून आणला. वाटेत तिला रबरी चटईबद्दल व्याख्यान दिलं आणि पुढल्याच रविवारी माणूस बोलावून न्हाणीत स्टीलचा दांडा बसवून घेतला. मिक्सर दिसत नाही म्हणून विचारलं होतं, तेव्हा तिने सांगितलं, पाट्यावरच्या चटणीची सर मिक्सरला येत नाही, तो दिला ठेवून वर. मला इतकं भरून आलं होतं की मी त्या चटणीचा फोटो स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं होतं, 'जुनं ते सोनं.' दुखऱ्या मनगटाने तिने ती चटणी वाटली होती.

नकाशा काखेत मारून मी घरी गेले. आई न्हाणीतल्या दांड्यावर पंचे वाळत घालत होती. "दांड्याचा उपयोग झाला हो," ती म्हणाली, "पावसात वाळवणाचा फार त्रास व्हायचा."

मी म्हटलं, "मिक्सर कोणी नेला?"

तिने शेवटचा पंचा झटकून वाळत घातला, पडवीत येऊन बसली आणि सगळं सांगितलं. दुपारी जेवून ती लवंडली होती. पावसाची एक सर येऊन गेली होती. स्वयंपाकघरात भांडं वाजलं. मांजर असेल म्हणून ती शुक-शुक करत आत गेली तर समोर माणूस. "माझ्यापेक्षा तोच बावचळला गो. मिक्सर उचललान, मला ढकललान आणि मागल्या दारानं गेला. मी पडले ती हातावर." शेजारीण धावत आली. दुसऱ्या दिवशी नारळ ठेवला. सगळ्या वाडीला माहीत होतं, फक्त मला सांगायचं नाही असं तिने सगळ्यांना बजावलं होतं, आणि चाळीस घरांनी तीन महिने ते पाळलं. गुरवकाकांना मात्र वाटलं, एव्हाना लेकीला तरी सांगितलं असेल.

"पण पोलिसांत का नाही गेलीस?"

"पोलिसांत गेले असते तर तुला कळलं असतं."

"मग? कळायला नको?"

"तुला कळलं की बोटीवर कळलं. बोटीवर कळलं की माझी पिशवी भरलीत तुम्ही." तिचा आवाज चढला नाही. वालाच्या शेंगा निवडताना बोलते तसंच ती बोलत होती. "चोरानं मिक्सर नेलान. तुम्ही घर नेलं असतंत."

मग हळूहळू एकेक कळत गेलं. श्रावणापासून ती मागल्या दाराला पाट टेकवून ठेवत होती आणि मला सांगत होती की पावसाने दार फुगलंय. दुपारची झोपत नव्हती. घाबरली होती माझी आई, चांगली घाबरली होती, आणि आम्हांला दिसू नये म्हणून हसत होती, शेरे मारत होती, माझ्या तक्त्यात दुसऱ्यांच्या चोऱ्या भरू लागत होती. मला चोराचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. मी तिच्या पायाशी बसले आणि रडले. तिने माझ्या डोक्यावर थोपटलं आणि म्हणाली, "पुरे. घावणे करू काय?"

खरं सांगायचं तर एक दिवस माझ्या मनात आलं की गप्प बसावं. भावाला शून्य पटलेलं होतं, आई घरात राहणार होती, एक नोंद गाळली तर कोणाचं काय जाणार होतं? पण मला दिसायला लागलं की उद्या ती पुन्हा पडली, तिला पुन्हा कोणी ढकललं, छातीत दुखलं, तरी ती मला सांगणार नाही. घर राखायचं असेल तर दुखणं लपवायचं, हा नियम तिने केलेला नव्हता. आम्ही दोघांनी काळजी करून करून तो तिच्यावर लादला होता. तो मोडायचा तर आधी तिला शब्द द्यावा लागणार होता.

मी भावाला फोन लावला, आईला शेजारी बसवलं आणि स्पीकर सुरू केला. तो आधी घाबरला, मग माझ्यावर भडकला. तिला धक्का दिला कोणी आणि तू मला हिरवा नकाशा पाठवतेस? मी म्हटलं, चुकले. तो म्हणाला, ते काही नाही, आता आई पनवेलला.

आईने फोन माझ्या हातातून घेतला. "तू बोट सोडून घरी बसतोस काय?"

"आई, ते माझं काम आहे."

"तिथं भीती नाय वाटत?"

"वाटते. पण म्हणून सोडतं का कोणी?"

"मग मलापण वाटते," आई म्हणाली. तिच्या तोंडून हे आम्ही दोघांनी पहिल्यांदा ऐकलं. "वाटते म्हणून घर सोडायचं नाय मला. तुम्हाला सांगून राहायचंय."

भाऊ पनवेल सोडून कामाच्या गोष्टीवर आला. "ताई, मागल्या दाराला लोखंडी दार बसव. आणि शेजारच्या काकींकडे वाजेल अशी बेल." मी म्हटलं, बसवते, पण पनवेलचं नाव पुन्हा काढणार नाहीस असं म्हण. त्याने म्हटलं. आईला नीट ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा म्हटलं. नीट ऐकू आलं होतं, पण तिने आणखी एकदा म्हणवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, आता तक्रार देऊया. देवीपाशी दिलीस ती राहू दे, पण तो माणूस देवीच्या हद्दीतला नव्हता. उद्या दुसऱ्या कुठल्या वाडीत, दुसऱ्या कुठल्या आईला ढकलेल. आईने आधी देवीचा कौल घ्यायला लावला. गुरवकाकांनी देवीला फूल लावलं, ते उजवीकडून पडलं, म्हणजे देवीचा होकार. मग ती ठेवणीतलं लुगडं नेसली आणि आम्ही दोघी पोलीस ठाण्यात गेलो.

तिथल्या हवालदार बाई तरुण होत्या, बोलायला सौम्य. त्यांनी आईला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि एकेक विचारून टंकायला लागल्या. तारीख, वेळ, वस्तू, माणसाचं वर्णन. आई मोजकं आणि मुद्द्याचं सांगत होती. वर्णन तर तिने असं दिलं की बाईंनी मान डोलावली. मग त्या एका रकान्यापाशी थांबल्या.

"आजी, घटना श्रावणातली आहे. इतके महिने तक्रार दिली नाहीत. उशिराचं कारण लिहावं लागतं. काय लिहू? चोराने धमकी दिली होती का? त्याची भीती वाटली?"

"त्याची कशाला वाटेल?" आई म्हणाली. "तो गेला पळून." आणि मग माझ्याकडे न बघता, सरळ टेबलाकडे बघत म्हणाली, "मुलांची वाटली. घरातनं उठवतील म्हणून."

बाईंची बोटं कळफलकावरच राहिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हे कसं लिहायचं अशा नजरेने. खोलीत आणखी दोन माणसं होती, तीही बघायला लागली. कॉलेजात माझ्यासमोर साठ मुलं बसतात, पण इतकं अवघडल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं.

मी आईचा हात धरला आणि म्हटलं, "तसंच लिहा. खरं आहे ते."